ई-ऑफिस आलं, पण काम लवकर व्हायला लागलं का? तुमच्याकडचा अनुभव सांगा

नस्तीवाला

आमच्या ऑफिसात (जिल्हा पातळीवरचं सरकारी कार्यालय आहे, नाव नको) ई-ऑफिस (फाईली कॉम्प्युटरवरून फिरवायची सरकारी प्रणाली) पूर्ण लागू होऊन आता बराच काळ झाला. कागदी नस्ती (फाईल) नव्याने उघडायचीच नाही असे आदेश आहेत, वरून सारखा एमआयएस (आकड्यांचा अहवाल) मागतात, किती ई-नस्त्या तयार झाल्या, किती टपाल स्कॅन होऊन आत आलं, कोणाच्या इनबॉक्सला किती पडून आहे. आकडे चांगले दिसतात. मला विचारायचंय ते वेगळंच आहे. माणसाचा अर्ज ज्या तारखेला आवकला पडला तिथपासून उत्तर त्याच्या हातात पडेपर्यंतचा वेळ तुमच्याकडे कमी झाला का?

मी माझं मत आधीच सांगून टाकतो. शोधाशोध कमी झाली, फाईल कोणाकडे आहे ते कळतं, या दोन गोष्टी निर्विवाद. पूर्वी एखादी नस्ती सापडत नाही म्हटल्यावर सगळं कार्यासन (शाखा) अर्धा दिवस कपाटं उपसत बसायचं, ते बंद झालं. पण निर्णयाला लागणारा वेळ जवळपास होता तेवढाच आहे, कारण टेबलं होती तेवढीच आहेत.

साधं वैद्यकीय प्रतिपूर्तीचं देयक घ्या. कर्मचाऱ्याने बिलं जोडून अर्ज दिला की आवक, मग आस्थापनेचा (कर्मचाऱ्यांची प्रकरणं बघणाऱ्या शाखेचा) लिपिक टिप्पणी टाकणार, वरिष्ठ सहायक बघणार, अधीक्षक बघणार, मग लेखा शाखा, तिथेही तीन माणसं, मग परत आस्थापना, मग साहेब. मध्ये तपासणीसाठी जिल्हा शल्य चिकित्सकांकडे जातं ते वेगळंच. ई-ऑफिसमध्ये ही साखळी आम्ही जशीच्या तशी उतरवली. फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला पूर्वी शिपाई लागायचा, आता एक क्लिक लागते, म्हणजे प्रवासाचा वेळ गेला पण मुक्कामाचा वेळ तसाच राहिला, आणि खरा उशीर नेहमी मुक्कामातच होता. त्यात मूळ बिलं कागदावरच लागतात, म्हणून ई-नस्तीच्या बरोबरीने एक कागदी गठ्ठाही फिरतो आणि दोन्ही एकाच टेबलावर एकाच वेळी असतील याची खात्री नाही. गेल्या महिन्यात एका शिपायाचं देयक असंच अडकलं, स्क्रीनवर नस्ती लेखा शाखेत आणि बिलांचा गठ्ठा आस्थापनेच्या कपाटात, आणि बायकोच्या ऑपरेशनचे पैसे उसने घेतलेला तो माणूस रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारायचा.

कायदा तर २००५ चा आहे. आपण ज्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतो त्याच्या कलम १० मध्ये स्पष्ट लिहिलंय की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, तातडीची चार दिवसांत, अतितातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, असेल तर तीन महिन्यांत. पण सात दिवस हे एका माणसाचे आहेत. साखळीत नऊ माणसं असली तर नवसत्ते त्रेसष्ट, प्रत्येकाने आपले सात दिवस पाळले तरी ४५ दिवस कधीच उलटून गेले!

बाकी ठिकाणी काय चाललंय? सरकारी, खाजगी, बँक, कारखाना, सगळ्यांचं ऐकायचंय.

दप्तरबंद

चांगला विषय काढलात. मी महसुलात होतो, निवृत्त होऊन काही वर्षं झाली, त्यामुळे ई-ऑफिस मी फार वापरलं नाही पण दप्तर आयुष्यभर सांभाळलं म्हणून लिहितो.

ऑफिसची कार्यक्षमता ही दप्तराच्या शिस्तीवर असते, मशीन नंतर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नगरला अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते तेव्हा त्यांनी जे करून दाखवलं त्याला आजही लखिना पॅटर्न म्हणतात. तेव्हा कॉम्प्युटर कुठे होता? बसण्याची व्यवस्था, कागद कोणी कुठे ठेवायचा, अभिलेख कक्षाची मांडणी, लोकांनी कोणाला विचारायचं, एवढंच बदललं आणि कागद मागितला की मिळायला लागला. आमची सहा गठ्ठे पद्धत पण तीच. चालू प्रकरणं एका गठ्ठ्यात, ज्यांच्यावर दुसऱ्याकडून उत्तर यायचंय ती प्रतीक्षाधीन दुसऱ्यात, नियतकालिकं (ठराविक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं) वेगळी, स्थायी आदेशांची संचिका वेगळी, अभिलेख कक्षात पाठवायचं ते वेगळं आणि नष्ट करायचं ते वेगळं. ज्या लिपिकाचे हे सहा गठ्ठे नीट असायचे त्याच्या रजेत दुसरा माणूस येऊन सकाळी काम सुरू करू शकायचा. २०१७ च्या सुमारास पुणे विभागात चंद्रकांत दळवी साहेब आयुक्त असताना झिरो पेंडन्सी आणि डेली डिस्पोजल राबवलं, त्याचाही पाया तोच होता, आधी जुनं दप्तर लावा, निंदणीकरण करा (नको ते कागद काढून टाका), मग रोजचं रोज निकाली काढा.

आता ज्या ऑफिसात गठ्ठे कधी लागलेच नव्हते तिथे थेट स्कॅनर आणून बसवला तर काय होणार? 'ड' वर्गाचा कागद, जो एक वर्षाने नष्ट करायचा असतो, तोही 'अ' वर्गाच्या कायम ठेवायच्या कागदाबरोबर सर्व्हरवर जाऊन बसला. पूर्वी कपाट भरलं की निदान डोळ्यांना दिसायचं. माझं कळकळीचं सांगणं आहे, स्कॅनिंगच्या आधी वर्गीकरण करा. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे, २००५ चा, नष्ट करायची पद्धत ठरलेली आहे, त्यासाठी कोणाची वाट बघायची नाही.

पान_उलटा

दप्तरबंद काकांना शंभर टक्के अनुमोदन. मी दुसऱ्या बाजूचा, स्कॅनिंग आणि डिजिटायझेशनची कामं घेणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे, नगरपालिका, पतसंस्था, कॉलेजं अशी कामं केलीत.

टेंडर निघतं ते पानाच्या हिशोबाने. एवढी लाख पानं, पानामागे एवढे पैसे. मग सगळं लक्ष पानं मोजण्यात. ३०० डीपीआय ला स्कॅन केलं, पीडीएफ केली, झालं. पण ती पीडीएफ उद्या कोणाला सापडणार कशी? त्यासाठी प्रत्येक फाईलला विषय, वर्ष, कार्यासन, अर्जदाराचं नाव, गाव, गट नंबर किंवा मालमत्ता क्रमांक अशा चार-सहा गोष्टी हाताने भराव्या लागतात, आणि हे काम त्या ऑफिसच्या माणसाला जवळ बसवूनच होतं कारण आमच्या पोराला गटवारी म्हणजे काय ते माहीत नसतं. ह्या इंडेक्सिंगला टेंडरमध्ये एक ओळ असते. मी पाहिलंय की हार्ड डिस्कवर नुसती वर्षाची फोल्डरं आणि आत स्कॅन एक, स्कॅन दोन, स्कॅन तीन अशी हजारो नावं. ऑफिस म्हणतं आमचं शंभर टक्के डिजिटायझेशन झालं आणि बांधकाम परवानगीची एक फाईल मागितली की ऑफिसातली बाई परत रेकॉर्ड रूमला जाते, कारण तिथे तिला जागा पाठ आहे.

आणि एक खास आपल्या मराठीचं दुखणं सांगतो, ज्यावर फार कमी बोललं जातं. जुनी पत्रं, आदेश, इतिवृत्तं ही सगळी कृतीदेव, श्रीलिपी, सुरेख असल्या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेली आहेत. स्क्रीनवर 'पाणीपुरवठा' दिसतं पण कॉम्प्युटरच्या पोटात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यामुळे सर्चमध्ये पाणीपुरवठा टाकलं तर ते पत्र कधीच येणार नाही. युनिकोडमध्ये टाईप केलेलं असेल तरच सापडतं. सरकारने युनिकोड वापरा म्हणून सांगून जमाना झाला तरी आजही कित्येक टेबलांवर मसुदा जुन्या फाँटमध्ये टाईप होतो, प्रिंट निघते, सही होते आणि स्कॅन करून ई-ऑफिसला चढवतात, म्हणजे जी गोष्ट मुळात कॉम्प्युटरवरच जन्मली तिचा फोटो काढून ठेवतो आपण. तो फोटो शोधता येत नाही, त्यातला मजकूर पुढच्या पत्रात उचलता येत नाही. हे एक बंद केलं तरी खूप फरक पडेल.

चाकणकर_क्वालिटी

इथे सगळे सरकारीवाले दिसतायत, मी कारखान्यातलं लिहितो. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे.

आमच्याकडे डॉक्युमेंट म्हणजे ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन, वर्क इन्स्ट्रक्शन. यातलं एक जुनं राहिलं तर नुसता उशीर होत नाही, माल फुकट जातो. कस्टमरने एखाद्या भोकाचा टॉलरन्स बदलला, ड्रॉइंगची रिव्हिजन 'क' ची 'ड' झाली, ईमेल आला डिझाइनला, डिझाइनने सेव्ह केलं आपल्या फोल्डरला, आणि मशीनवर प्लास्टिकच्या पाउचमध्ये अजून 'क' लटकतेय. ऑपरेटर त्याच्या जागी बरोबर आहे, समोर जे लावलंय तेच तो बघणार. कागदी पद्धतीत 'कंट्रोल्ड कॉपी' चा लाल शिक्का, कोणाला किती कॉप्या दिल्या त्याचं रजिस्टर, जुनी परत घेऊन 'ऑब्सोलिट' शिक्का मारायचा, हे सगळं एक माणूस फिरून फिरून करायचा आणि तो सुट्टीवर असला की राहून जायचं.

आयएसओ ९००१ मध्ये ७.५ हे कलम याच्यासाठीच आहे आणि आमच्या आयएटीएफ १६९४९ (गाड्यांच्या उद्योगाचं क्वालिटी मानक) मध्ये तर कस्टमरकडून बदल आला की दहा कामकाजाच्या दिवसांत त्याचा आढावा पूर्ण करावा असं दिलंय. डीएमएस (डॉक्युमेंट सांभाळायचं सॉफ्टवेअर) बसवल्यावर नवीन रिव्हिजन अप्रूव्ह झाली की जुनी आपोआप बंद, मशीनजवळच्या टॅबवर पार्ट नंबर टाकला की एकच ड्रॉइंग उघडतं, दुसरं उघडायची सोयच नाही. इथे मला शंभर टक्के फायदा दिसलाय, ऑडिटच्या आधीची जागरणं संपली.

पण नस्तीवाले, तुमचा मुद्दा आमच्याकडेही लागू पडला बरं का. सुरुवातीला अप्रूव्हलसाठी सिस्टिममध्ये डिझाइन, क्वालिटी, प्रॉडक्शन, मेंटेनन्स, पर्चेस, प्लँट हेड अशी सगळी नावं एकामागे एक टाकली होती कारण प्रत्येकाला आपलं नाव हवं होतं. मग ड्रॉइंग प्लँट हेडच्या इनबॉक्सला पडून आणि शॉपवर लोक फोनवरून विचारून काम करतायत, जुन्या पद्धतीपेक्षा धोकादायक झालं. शेवटी ठरवलं की बदलाचा ज्याच्या कामावर खरा परिणाम होतो त्यानेच अप्रूव्ह करायचं, तेही सगळ्यांनी एकाच वेळी, बाकीच्यांना फक्त माहितीसाठी. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. सॉफ्टवेअर तेच होतं, एक रुपया जास्त गेला नाही.

रत्नांग्री_ताई

मी तालुक्याच्या ठिकाणी काम करते, कनिष्ठ सहायक. इथे कोणी खालच्या माणसाच्या बाजूने बोललं नाही म्हणून बोलते.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही. व्हीपीएन (सुरक्षित नेट जोडणी) लागलं नाही की ई-ऑफिस उघडत नाही, पण माणूस तर समोर उभा असतो, एसटीने चाळीस किलोमीटर आलेला. त्याला सर्व्हर डाऊन आहे उद्या या असं सांगताना फार वाईट वाटतं. मग आम्ही अर्ज कागदावर घेतो, रजिस्टरला नोंद करतो आणि नेट आलं की रात्री थांबून परत सगळं स्कॅन करून चढवतो. कामं दुप्पट झालीत. वरच्या साहेबांचं काम कमी झालं हे खरं आहे, ते मोबाईलवरून सुद्धा मान्यता देतात, पण स्कॅन करायचं, पानं सरळ करायची, विषय टाईप करायचा, पत्रव्यवहारात जोडायचं हे सगळं खाली आलं आणि खाली पदं रिक्त आहेत. दोन टेबलांना मिळून एक स्कॅनर आहे, तोही एका बाजूचाच, पाठपोट कागद असला की दोनदा घालायचा.

आणि एमआयएसबद्दल. ज्या दिवशी प्रलंबित नस्त्यांचा आढावा असतो त्याच्या आदल्या संध्याकाळी वरून धडाधड फाईली परत येतात, शेरा काय तर 'चर्चा करावी' किंवा 'त्रुटींची पूर्तता करून सादर करावे'. त्यांचा इनबॉक्स रिकामा, आमचा भरलेला. आकडा कमी झाला पण ज्या बाईने अर्ज केला होता तिचं अनुदान मंजूर झालं का? नाही झालं.

नस्तीवाला

रत्नांग्री ताई, तुम्ही जे लिहिलंय ना 'चर्चा करावी' ते अगदी मुद्द्याचं आहे. नस्ती माझ्या टेबलावरून गेली म्हणजे निर्गत आणि प्रकरणाचा निर्णय झाला म्हणजे निकाली, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण मोजतो पहिली. ई-ऑफिसमध्ये नस्तीची सगळी हालचाल तारीख-वेळेसकट साठलेली असते, एकच नस्ती किती वेळा खाली-वर झाली ते कोणालाही बघता येतं. म्हणजे मोजायचं साधन हातात आहे. मोजायचं असेल तर अर्जाच्या आवक तारखेपासून अंतिम पत्राच्या जावक तारखेपर्यंतचे दिवस मोजा आणि मध्ये किती टेबलं लागली ते मोजा.

तुमच्या स्कॅनरचा विषय मात्र खरंच लावून धरा, पाठपोट ओढणारा स्कॅनर ही चैन नाहीये.

दिल्लीतला_देशस्थ

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आहे. ई-ऑफिस हे एनआयसीने (केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने) बनवलेलं, २००६ च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेखालचा तो एक प्रकल्प, आमच्याकडे ते राज्यांच्या बरंच आधी मुरलं. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा ज्या विभागांत ते नीट चालू होतं त्यांनी घरून व्हीपीएन लावून फाईली काढल्या आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते ठप्प.

पण नस्तीवाले म्हणतात तोच धडा केंद्रालाही घ्यावा लागला. प्रशासकीय सुधारणा विभागाने नंतर निर्णयाचा वेग वाढवायचा उपक्रम हाती घेतला, त्यात एकट्या सॉफ्टवेअरवर भर नव्हता, फाईल मंजुरीचे टप्पे चारच्या वर नकोत, अधिकार खालच्या पातळीवर सोपवा, डेस्क ऑफिसर पद्धत वापरा आणि टपाल येतं तिथेच डिजिटल करा, अशा चारही गोष्टी एकत्र होत्या. टप्पे कमी झाले तिथे फरक हाताला लागतो. प्रत्येक टेबलावर फाईलीत नवीन भर काय पडते हा प्रश्न विचारायचा. ग्रीन नोटवर (नस्तीतल्या टिप्पणीच्या पानावर) 'प्रस्तुत', 'मान्यतेस्तव सादर', 'वरीलप्रमाणे' एवढंच असेल तर ते टेबल वगळायला हरकत नाही. तुमच्या एखाद्या जुन्या ई-नस्तीत बघा, अर्ध्या टिप्पण्या अशाच सापडतील.

बांधावरचा

शेतकरी आहे, ऑफिसातलं फार कळत नाही पण फायदा काय झाला ते सांगू शकतो. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. आधी सातबारा म्हणजे तलाठी कुठल्या सज्जाला बसलेत ते शोधायचं, ते मीटिंगला गेले असले की परत फेरी, आणि पीककर्जाच्या दिवसात सगळा गाव तिथेच. आता पंधरा रुपये भरले की मोबाईलवर येतो आणि बँक घेते. माझ्यासारख्या माणसाचा अख्खा दिवस वाचला आणि तलाठ्याचाही वाचलाच की. खरेदीखत झालं की सब-रजिस्ट्रारकडून माहिती थेट ई-फेरफारला जाते, आपण परत कागद नेऊन द्यायची गरज नाही, मग नोटिशीचे पंधरा दिवस आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. यात माणसं कमी झाली म्हणूनच काम लवकर होतं, हे वर सगळे सांगतायत तेच.

आता दुसरी बाजू. हाती लिहिलेला सातबारा कॉम्प्युटरवर चढवताना चुका झाल्या. आमच्या भावकीत एकाचं क्षेत्र कमी लागलं, एका चुलतीचं नाव गळालं. जुन्या कागदावर बरोबर होतं. ते दुरुस्त करायला कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज, मग चौकशी, मग आदेश. चूक चढवायला कोणाला तरी एक मिनिट लागलं असेल, ती काढायला आमच्या चुलतीला किती फेऱ्या पडल्या. ती सत्तरीच्या पुढची आहे. म्हणून सांगतो, कॉम्प्युटरवर घेताना मूळ कागदाशी ताळा करणारा माणूस पाहिजे आणि मूळ कागद जपून ठेवलेला पाहिजे. आमचं काम झालं ते जुना हस्तलिखित सातबारा रेकॉर्ड रूममध्ये शाबूत होता म्हणून.

वेर्णा_शिफ्ट

गोव्यात वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत आहे. बांधावरचे दादांनी ताळा करण्याबद्दल लिहिलं ते वाचून लिहावंसं वाटलं, आमच्या धंद्यात त्यावरच सगळं उभं आहे.

अमेरिकेला माल पाठवणाऱ्या कंपन्यांना १९९७ पासूनचा 'पार्ट ११' नियम पाळावा लागतो, इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड आणि इलेक्ट्रॉनिक सहीसाठीचा. नोंद कोणी केली, कधी केली, आधी काय होतं, बदलून काय केलं, हे सगळं ऑडिट ट्रेलला राहतं आणि पुसता येत नाही. बॅच रेकॉर्ड कागदावर होतं तेव्हा एक पान चुकलं की रिलीज अडकायचा, क्यूए (क्वालिटी तपासणी) वाला पेन घेऊन प्रत्येक पान तपासत बसायचा. इलेक्ट्रॉनिक झाल्यावर रकाना रिकामा ठेवून पुढे जाताच येत नाही, त्यामुळे तपासणीला फक्त जिथे काही वेगळं घडलं तेवढंच बघायचं. वेळ खरंच वाचतो.

अट एकच, ज्याचा लॉगिन त्यानेच वापरायचा. आमच्याकडे दुसऱ्याचा पासवर्ड वापरला तर नोकरी जाते. आणि मी एका सरकारी कार्यालयात कामाला गेलो होतो तिथे साहेबांचं डिजिटल सहीचं टोकन पीएच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला! हे बघून मला खरंच भीती वाटली.

वकीलवाडा

वेर्णा शिफ्ट, भीती वाटायलाच हवी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४२ प्रमाणे आपली खाजगी की (डिजिटल सहीची गुप्त किल्ली) आपल्या ताब्यात ठेवायची योग्य ती काळजी घेणं ही सही करणाऱ्याची जबाबदारी आहे. उद्या एखादा आदेश वादात सापडला तर 'मी सही केलीच नाही, पीएने केली' हे म्हणून सुटका नाही.

दुसरं, रेकॉर्ड कोर्टात लागतं तेव्हाचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, दोन भागांत, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (त्या फाईलीची डिजिटल ओळखखूण) लिहावी लागते. सिस्टिम नीट चालवली असेल तर हे सोपं आहे. व्हॉट्सअॅपवर फिरवलेली पीडीएफ आणून हाच तो आदेश म्हणालात तर समोरचा वकील तिथेच पकडणार. माझ्याकडे येणारे कित्येक पक्षकार फाईल गहाळ झाली या एका उत्तरापायी वर्षानुवर्षं अडकलेत. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये अभिलेख सूचीबद्ध करून संगणकीकृत करा असं २००५ मध्येच सांगितलंय. ते झालं असतं तर यातले निम्मे दावे उभेच राहिले नसते.

दप्तरबंद

वकीलसाहेब, गहाळ वरून आठवलं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यांवरचं दप्तर जळालं आणि नंतर आम्हा खालच्या कार्यालयांकडून प्रती मागवून नस्त्या परत उभ्या कराव्या लागल्या. आमच्या ऑफिसात ज्या शाखेची जावक नोंदवही आणि स्थळप्रतीची (ऑफिसने स्वतःजवळ ठेवलेल्या प्रतींची) फाईल नीट होती त्यांनी दोन दिवसांत प्रती काढून दिल्या, बाकीचे महिनोन्महिने शोधत होते. त्यामुळे जे कोणी ई-ऑफिस म्हणजे नुसता खर्च म्हणतात त्यांना मी सांगतो, प्रत दुसरीकडे सुरक्षित असणं हा एकच फायदा झाला तरी पुरे आहे.

नस्तीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर येईल असं वाटलं नव्हतं. आता काय करणार ते सांगतो, कारण नुसती चर्चा करून सोडायची नाही असं ठरवलंय.

राज्य सरकारच्या २०२५ मधल्या १५० दिवसांच्या कार्यक्रमापासून ई-ऑफिसवर वरून लक्ष आहेच, त्याचा फायदा घेऊन आमच्या साहेबांपुढे एक टिप्पणी ठेवतोय. सुरुवात फक्त वैद्यकीय देयकांपासून. आस्थापनेतली दोन टेबलं कमी करायची, ठराविक रकमेपर्यंतची मान्यता अधीक्षकांच्या वरच्याच अधिकाऱ्याकडे सोपवायची, लेखा शाखेत तीनऐवजी एकानेच तपासायचं. मूळ बिलांचा गठ्ठा फिरवायचाच नाही, आवकला स्कॅन करून तिथेच नस्ती क्रमांक घालून एका कपाटात ठेवायचा आणि शेवटी देयकाबरोबर एकदाच बाहेर काढायचा. मसुदे युनिकोडमध्ये थेट ई-ऑफिसमध्येच टाईप करायचे, प्रिंट काढून स्कॅन करायचं नाही. आणि आढावा आवक ते जावक दिवसांचा.

दिल्लीतले साहेब, अधिकार सोपवायच्या आदेशाचा तुमच्याकडचा अनुभव काय? आमच्याकडे आधी एकदा असा आदेश निघाला होता आणि नंतर बारगळला.

दिल्लीतला_देशस्थ

बारगळण्याचं कारण बहुतेक ठिकाणी एकच असतं, अधिकार माणसाच्या नावाने दिलेले असतात. बदली झाली की आदेश मेला. पदनामाने द्या. दुसरं, तो अधिकारी रजेवर किंवा निवडणूक ड्युटीवर असताना कोण मान्यता देणार ते त्याच आदेशात लिहा आणि ई-ऑफिसमध्ये त्या पदाचा कार्यभार दुसऱ्याकडे द्यायची व्यवस्था अॅडमिनकडून आधीच करून ठेवा, नाहीतर नस्ती रिकाम्या इनबॉक्सला जाऊन बसते. आणि रक्कम ठरवताना मागच्या वर्षभरातली देयकं काढून बघा, बहुतेक देयकं ज्या रकमेच्या आत बसतात तीच मर्यादा ठेवा, फार खाली ठेवली तर सगळं परत साहेबांकडेच जाईल.

रत्नांग्री_ताई

आदेश निघाला की नाव-गाव खोडून त्याचा नमुना इथे टाका नस्तीवाले, आम्ही पण आमच्या बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांना दाखवतो. शिक्षकांची कितीतरी देयकं पडून आहेत आमच्याकडे.